बिडे सीटसाठी बाथरूममध्ये विजेचा पॉइंट काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शौचानंतर गरम पाण्याने धुणारी, आसन ऊबदार ठेवणारी बिडे सीट कमोडवर बसवायला फारसा वेळ लागत नाही. अडते ते तिच्या तारेच्या टोकाला असलेल्या प्लगपाशी, कारण बहुतेक बाथरूममध्ये कमोडजवळ सॉकेट नसतो, आणि तो नसण्यामागे कारणही असते: ओले अंग, ओली फरशी आणि वीज शक्यतो एकमेकांच्या जवळ येऊ नयेत. असा पॉइंट काढायचे ठरले की बहुतेकांची चर्चा सॉकेट कुठे शोभून दिसेल यावर सुरू होते. खरे काम मात्र भिंतीच्या आतल्या तारांचे आणि डीबीमधल्या, म्हणजे घराच्या वीज-वितरण पेटीतल्या, संरक्षक उपकरणाचे असते, म्हणून पुढील उत्तरांत त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

प्रत्येक बिडे सीटला वीज लागते का?

नाही. नळाच्या दाबावर चालणाऱ्या आणि फक्त गार पाणी सोडणाऱ्या सीटना विजेची मुळीच गरज नसते. पाणी गरम करणे, आसन तापवणे, गरम हवेने सुकवणे किंवा रिमोटवर चालणे यांपैकी काहीही हवे असेल तरच वीज लागते. गरज केवळ धुण्यापुरती असेल, तर भिंत फोडण्याआधी या साध्या प्रकाराचा विचार करून पाहावा.

अशा सीटला वीज किती लागते आणि तार कोणत्या जाडीची असावी?

हे सीट पाणी कसे तापवते यावर अवलंबून असते. एका प्रकारात सीटच्या आत छोटी टाकी असते, तिच्यातले पाणी आधीच कोमट करून ठेवलेले असते आणि त्यामुळे काही शे वॅटमध्ये काम भागते. दुसऱ्या प्रकारात टाकी नसते. पाणी वाहता वाहताच तापते, आणि त्यासाठी त्या क्षणी बरीच शक्ती लागते. साधा हिशेब करून पाहता येतो: मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने वाहणारे पाणी २० अंश सेल्सिअसवरून ३८ अंशांवर न्यायचे असेल तर सुमारे ६३० वॅट लागतात, आणि तेच पाणी नळातून ५ अंशांवर येत असेल तर सुमारे ११५० वॅट. त्यात आसनाची ऊब आणि पाण्याचा अधिक वेग धरला, की अशा सीटवर १२०० ते १५०० वॅटचा आकडा का छापलेला असतो ते समजते.

१४०० वॅटची सीट २३० व्होल्टवर सुमारे ६.१ अँपिअर घेते आणि १२० व्होल्टवर सुमारे ११.७ अँपिअर. म्हणजे २३० व्होल्टच्या घरात दिव्या-पंख्याच्या बोर्डावरचा ६ अँपिअरचा सॉकेट तिला अपुरा ठरतो. तिथे १६ अँपिअरचा पॉइंट आणि त्याच्यामागे २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हवी. १२० व्होल्टच्या घरात बाथरूमचे सॉकेट २० अँपिअरच्या सर्किटवर आणि १२ गेजच्या तांब्याच्या तारेवर असतात. आज कमी वॅटची सीट घेणार असाल, तरीही तार पूर्ण क्षमतेचीच टाकून घ्यावी. सीट काही वर्षांनी बदलते, पण टाइल्समागची तार सहसा कोणी बदलत नाही.

सर्किटला एमसीबी आहेच. मग आरसीसीबी वेगळा कशाला?

या विषयात सर्वाधिक गैरसमज याच प्रश्नाभोवती आहे, म्हणून उत्तर सविस्तर देत आहे.

एमसीबीचे काम तारेला वाचवण्याचे आहे. तारेतून तिच्या क्षमतेपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला, किंवा फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले, तर तार तापून पेट घेण्याआधी तो सर्किट तोडतो. माणसाला विजेचा धक्का बसतो तेव्हा यांपैकी काहीच घडलेले नसते. ओल्या त्वचेच्या माणसाच्या शरीराचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टवर त्याच्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. साधारण १० मिलिअँपिअरलाच स्नायू आखडतात आणि हातात धरलेली वस्तू सोडता येत नाही. २३० मिलिअँपिअर हे हृदयाचे ठोके बिघडवून जीव घेण्यास पुरेसे आहेत. पण १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा प्रवाह त्याच्या मर्यादेचा जेमतेम सत्तरावा भाग असतो. तो तुटणार नाही, म्हणजे आपोआप पडून वीज बंद करणार नाही, आणि तो न तुटणे हा त्याचा दोषही नाही. ते काम त्याला दिलेलेच नाही.

आरसीसीबी, ज्याला बोलण्यात अजूनही ईएलसीबी म्हटले जाते, वेगळ्या गोष्टीवर लक्ष ठेवतो. त्याच्या आत एका कड्याच्या आकाराच्या गाभ्यातून फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा जातात. जेवढा प्रवाह फेजमधून गेला तेवढाच न्यूट्रलमधून परतला, तर दोघांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात. काही प्रवाह माणसाच्या शरीरातून, पाण्यातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीकडे निघून गेला, तर हा समतोल बिघडतो, गाभ्यावरच्या गुंडाळीत व्होल्टेज निर्माण होते आणि स्विच तुटतो. बाथरूमसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वापरतात. तेवढ्या गळतीला त्याने ०.३ सेकंदाच्या आत तुटायचे असते. गळती त्याच्या पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. अमेरिकेत याच कामासाठी जीएफसीआय वापरला जातो आणि तो ४ ते ६ मिलिअँपिअरलाच तुटतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी किती प्रवाहापर्यंत माणूस हातातली तार सोडू शकतो यावर दीर्घ संशोधन केले होते. त्यातूनच १९६१ मध्ये त्यांचे हे उपकरण पुढे आले. अमेरिकी वीजसंहितेने १९७५ मध्ये ते घरगुती बाथरूममधल्या सॉकेटसाठी आवश्यक केले.

दोन मर्यादा मात्र ठाऊक असाव्यात. एक म्हणजे हे उपकरण धक्का पूर्णपणे टाळत नाही, तो किती वेळ टिकेल ते आटोक्यात ठेवते. दुसरी म्हणजे जमिनीपासून अलग असलेल्या माणसाने एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरले, तर गेलेला प्रवाह पूर्णच्या पूर्ण परत येतो आणि उपकरणाच्या दृष्टीने सारे ठीक असते.

आरसीसीबी कोणत्या प्रकारचा घ्यावा?

संवेदनशीलता ३० मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी असावी आणि शक्य असेल तिथे ‘ए’ टाइप घ्यावा. ‘एसी’ टाइप फक्त शुद्ध प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा बदलत राहणारी, गळती ओळखतो. बिडे सीटमध्ये हीटर आणि पंखा इलेक्ट्रॉनिक सर्किटने नियंत्रित होतात, आणि अशा सर्किटमागे बिघाड झाला तर गळती एकाच दिशेने धडधडणारी असू शकते. ती ‘ए’ टाइप ओळखतो.

घराच्या मुख्य डीबीत आरसीसीबी आधीच आहे. तो पुरेसा नाही का?

त्याच्यावर छापलेला आकडा वाचावा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअर लिहिलेले असेल तर तो प्रामुख्याने आगीपासून संरक्षणासाठी आहे, माणसासाठी नाही. ३० लिहिलेले असेल तर संरक्षण मिळते. पण घरातल्या सर्व उपकरणांची बारीकसारीक गळती त्या एकाच उपकरणात जमा होत राहते आणि सीटमध्ये थोडी ओल शिरली तरी रात्री-अपरात्री सगळे घर अंधारात जाते. मग काही दिवसांनी कंटाळून कोणीतरी तो बायपास करते. माझ्या मते खरा धोका इथे आहे. म्हणून बिडे सीटच्या सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी या दोघांचे काम एकत्र करणारे उपकरण, लावणे हा जास्त टिकाऊ उपाय आहे.

जुन्या घरात आर्थिंग नाही. आरसीसीबी लावला म्हणजे झाले ना?

आरसीसीबीला तुटण्यासाठी अर्थची तार लागत नाही हे खरे आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न फसवा आहे. फरक पडतो तो कधी तुटेल याचा. अर्थची तार असेल, तर हीटरमध्ये बिघाड होताक्षणी गळती त्या तारेतून जाते आणि कोणी सीटवर बसण्याआधीच वीज तुटलेली असते. अर्थ नसेल, तर गळतीला वाट मिळत नाही. ती वाट पाहते, आणि पहिली वाट मिळते ती बसलेल्या माणसाच्या शरीरातून. बिडे सीट ही काही हाताळून बाजूला ठेवायची वस्तू नाही. तिच्यावर उघड्या अंगाने बसायचे असते, आणि हीटरला स्पर्श करून आलेले पाणी थेट शरीरावर पडते. त्यामुळे नव्या पॉइंटला अर्थची तार डीबीपर्यंत सलग असलीच पाहिजे.

अर्थ मिळत नाही म्हणून सॉकेटमधली अर्थची पिन न्यूट्रलला जोडणे हा प्रकार कधीही करू नये. न्यूट्रल वाटेत कुठे तुटला, तर सीटच्या अर्थ जोडलेल्या भागांवर पूर्ण व्होल्टेज येते. पाण्याच्या पाइपला तार गुंडाळणेही चुकीचे आहे; त्या पाइपात पुढे कुठे प्लास्टिकचा तुकडा बसवलेला असला, तर तो पाइप अर्थ राहत नाही, उलट घरातल्या सर्व नळांवर वीज आणून सोडतो.

प्लगवरच गळती रोखणारा डबा आहे. तरीही वेगळे संरक्षण हवे का?

हवे. तो डबा स्वतःपुढच्या तारेचे आणि सीटचे रक्षण करतो. सॉकेटमध्ये पाणी गेले, किंवा त्याच सॉकेटला उद्या केस वाळवण्याचे यंत्र लावले, तर त्याचा उपयोग नाही.

सॉकेट नेमका कुठे बसवावा?

आधी सीटची माहितीपुस्तिका उघडून तार कोणत्या बाजूने बाहेर येते आणि किती लांब आहे ते पाहावे. बहुतेक तारा मीटर-सव्वा मीटरच्याच असतात आणि त्या मुद्दाम आखूड ठेवलेल्या असतात. तार ताणली जाऊ नये आणि फरशीवरही लोळू नये. सॉकेटकडे जाण्याआधी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळातून गळून पडते आणि प्लगमध्ये शिरत नाही. फुटकळ गोष्ट वाटते, पण खर्च शून्य आणि फायदा मोठा असे फार थोडे उपाय असतात.

अंघोळीच्या जागेपासूनचे अंतर ही याहून महत्त्वाची गोष्ट आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार बाथरूमचे भाग पाडलेले असतात: टबाच्या किंवा शॉवरच्या तळाच्या आतली जागा हा शून्य क्रमांकाचा भाग, त्याच्यावर २.२५ मीटर उंचीपर्यंतचा पहिला, आणि तिथून आडवे ०.६ मीटरपर्यंत दुसरा. नेहमीचा सॉकेट या तिन्ही भागांच्या बाहेरच असायला हवा. काही देश याहून कडक आहेत; ब्रिटनमध्ये पहिल्या भागाच्या सीमेपासून २.५ मीटरपर्यंत साधा सॉकेट चालत नाही. तिथे लहान बाथरूममध्ये सॉकेटऐवजी फ्यूज असलेले कायमचे जोडणी-युनिट वापरण्याची वाट उरते. आपण राहतो तिथला नियम कोणता, हे काम सुरू होण्याआधी वायरमनकडून स्पष्ट करून घ्यावे.

उंचीबाबत इतकेच, की फरशी धुताना पाणी उडेल इतक्या खाली सॉकेट नसावा, अँगल व्हॉल्व्हच्या थेट खाली तर मुळीच नसावा, कारण गळणारा पहिला थेंब तिथेच पडतो. फ्लशच्या टाकीमागे लपवलेला सॉकेट सुबक दिसतो. पण अडचणीच्या वेळी हात पोहोचत नसेल तर तो सुबकपणा काय कामाचा?

बाथरूममध्ये शॉवरसाठी वेगळा आडोसा नाही, सगळीकडेच पाणी उडते. मग?

मग साधा सॉकेट बाथरूमच्या आत बसवण्याचा आग्रह सोडावा. वर सांगितलेली अंतरे टबाच्या किंवा शॉवरच्या जागेची हद्द ठरलेली आहे असे गृहीत धरतात. जिथे हातशॉवर कुठेही नेता येतो, तिथे आधी काचेचा आडोसा उभारून अंघोळीची जागा वेगळी करावी. ते जमत नसेल तर वीज न लागणारी सीट निवडावी.

झाकण असलेला सॉकेट पुरेसा आहे का?

झाकणावरचा आयपी क्रमांक वाचावा. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा: ४ म्हणजे सर्व दिशांनी उडणारे शिंतोडे, ५ म्हणजे पाण्याची धार. बाथरूममध्ये आयपी ४४ हा किमान मानावा. मात्र बऱ्याच सॉकेटना हा क्रमांक झाकण बंद असतानाच लागू होतो, आणि बिडे सीटचा प्लग तर दिवसरात्र लावलेलाच असतो. त्यामुळे प्लग आत असतानाही बंद होणारे, खोलगट झाकण घ्यावे. झाकण हे शिंतोड्यांपुरते आहे. चुकीच्या जागी बसवलेल्या सॉकेटला ते योग्य जागी आणत नाही.

गीझरच्या पॉइंटवरून तार पुढे घेतली तर भिंत फोडणे वाचेल. चालेल का?

बेरीज करून पाहावी. २३० व्होल्टवर ३००० वॅटचा गीझर सुमारे १३ अँपिअर घेतो आणि १४०० वॅटची सीट ६.१, एकूण १९.१. सर्किट १६ अँपिअरचे असेल तर हे बसत नाही. गीझर २००० वॅटचा असेल तर बेरीज सुमारे १४.८ येते आणि कागदावर जमते, पण त्यात तिसरे काहीही लावायला जागा उरत नाही. डीबीपासून स्वतंत्र तार ओढणे हेच योग्य. भिंतीच्या पलीकडे खोली असेल तर तिथवर तार आणून भिंतीला आरपार छिद्र पाडता येते. अशा वेळी छिद्राला कोरड्या खोलीकडून बाथरूमकडे किंचित उतार द्यावा आणि टाइलभोवतीची फट सिलिकॉनने बंद करावी.

तोपर्यंत एक्स्टेंशन बोर्ड वापरला तर?

नाही. दाराखालून आणलेली तार चिमटते, बोर्ड ओल्या फरशीवर येतो, आणि ‘तोपर्यंत’ ही मुदत वर्षानुवर्षे चालते.

आरशाजवळ दाढीच्या यंत्राचा सॉकेट आहे. तो वापरता येईल का?

त्याच्यामागे छोटा विलगक ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याची क्षमता फार तर पन्नासेक वॅटची असते. सीट चालणार नाही.

हे काम स्वतः करता येईल का?

बऱ्याच ठिकाणी बाथरूममध्ये नवे सर्किट टाकण्यासाठी परवानाधारक वायरमन कायद्याने आवश्यक आहे. कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हे काम शिकण्यासाठी बाथरूम ही चुकीची जागा आहे. घरातल्या माणसाने करण्याजोगे मात्र बरेच असते: सीटची वॅटक्षमता आणि तारेची बाजू पाहून ठेवणे, भिंतीवर जागेची खूण करणे, पाण्याचे पाइप कुठून जातात हे वायरमनला सांगणे, आणि तारांसाठी भिंतीत पाडलेली झिरी बुजवण्याआधी आतल्या पाइपिंगचे मोजपट्टीसह छायाचित्र काढून ठेवणे. पुढे कधी टाइलला छिद्र पाडायची वेळ आली तर हे छायाचित्र हाताशी असणे फार मोलाचे ठरते.

वायरमन काम करत असतानाही एक गोष्ट पाहावी. वीज बंद आहे हे तो केवळ निऑन टेस्टरने ठरवत असेल, तर त्याला थांबवावे. हा टेस्टर माणसाच्या शरीरातून जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर उजळतो; कोरड्या लाकडी घोडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात किंवा लख्ख उजेडात तो पेटलेला दिसेलच असे नाही. दोन टोकांचे तपासयंत्र आधी चालू असलेल्या सॉकेटवर, मग कामाच्या जागी, आणि पुन्हा चालू सॉकेटवर लावून पाहणे ही खरी पद्धत आहे. एमसीबी पाडल्यावर त्याला कुलूप लावावे, निदान घरातल्या सर्वांना सांगून ठळक पाटी तरी लावावी.

काम झाल्यावर कोणत्या चाचण्या करून घ्याव्यात?

सीट जोडण्याआधीच करून घ्याव्यात. फेज आणि न्यूट्रल आपापल्या जागी आहेत ना, आणि सॉकेटच्या अर्थपासून डीबीपर्यंत तार सलग आहे ना, हे मोजून पाहावे. ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, तारेचे इन्सुलेशन तपासले असता किमान १ मेगाओहम मिळाले पाहिजे. नव्या तारेला याहून कितीतरी जास्त मिळते, त्यामुळे काठावर आलेला आकडा म्हणजे कुठेतरी खिळा किंवा ओल आहे असे समजावे. शेवटी आरसीसीबी तपासयंत्राने सॉकेटपाशी कृत्रिम गळती निर्माण करून तो किती वेळात तुटतो ते पाहावे. त्याच्यावरचे टेस्ट बटण फक्त उपकरणाच्या आतली यंत्रणा हलते आहे एवढेच सांगते, अर्थ ठीक आहे की नाही हे सांगत नाही.

सीट लावली की आरसीसीबी तुटतो. काय करावे?

प्लग काढून पाहावे. प्लग काढल्यावरही तो तुटत असेल, तर दोष तारेत किंवा सॉकेटमध्ये आहे, बहुधा ओल. प्लग लावल्यावरच तुटत असेल, तर सीटचा हीटर संशयास्पद आहे आणि ती दुरुस्तीला द्यावी. तिसरी शक्यता नव्या कामात वारंवार आढळते: सीट पाणी तापवू लागली, किंवा त्याच वेळी दुसऱ्या खोलीतले काही सुरू केले, की तो तुटतो. अशा वेळी या सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलशी कुठेतरी जोडला गेला असण्याची शक्यता मोठी असते. प्रवाह एका वाटेने जातो, दुसऱ्या वाटेने परततो, आणि उपकरण त्याला गळती समजते. तार शोधून वेगळी करणे हाच उपाय आहे. आरसीसीबी ‘फार नाजूक’ म्हणून १०० मिलिअँपिअरचा बसवणे हा उपाय नव्हे.

पॉइंट वापरात आल्यावर कशाकडे लक्ष ठेवावे?

टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबावे. सीट साबणाने धुताना आधी प्लग काढावा, कोरड्या हाताने. प्लग हाताला गरम लागत असेल किंवा पिनांपाशी तपकिरी डाग दिसत असेल, तर सॉकेटची पकड सैल झाली आहे. सॉकेट बदलावा, प्लग दाबून बसवून पुढे वापरू नये.

सीट काढून टाकली तर रिकाम्या पॉइंटचे काय करावे?

झाकण नीट बंद होत असेल तर तो तसाच राहू द्यावा आणि त्याचा आरसीबीओ खाली पाडून ठेवावा. पुन्हा लागणारच नसेल, तर सॉकेट काढून तारांची टोके कनेक्टरमध्ये बंद करून वर सपाट प्लेट बसवावी आणि ती तार डीबीतूनही सोडवून घ्यावी.